उधाणाच्या दिवशी गोरज: किनाऱ्यावरच्या एका लग्नाची तारीख कशी ठरली

माझ्या भाचीचं लग्न 26 फेब्रुवारी 2024 ला, माघ वद्य द्वितीयेला, मालवण तालुक्यातल्या आमच्या गावच्या किनाऱ्यावर गोरज मुहूर्तावर लागलं. माणसं एकशे साठ. मुलीकडचे आम्ही निम्मे गावचे, निम्मे पुण्याचे. मुलाकडचे सगळे नागपूरचे, आणि मुलगा नोकरीनिमित्त जर्मनीत. नवऱ्या मुलीचा मामा म्हणून आणि गावात राहणारा एकटाच म्हणून सगळी जुळवाजुळव माझ्याकडे आली. त्यानंतर ओळखीच्या चार-पाच घरांतून फोन आले, की आम्हालाही समुद्रावर लग्न करायचंय, कोणता महिना बरा? त्या प्रत्येकाला मी हेच सांगितलं, की महिना हा प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा तिथीत असतो, आणि तो कोणी विचारत नाही. म्हणून आमचं प्रकरण सुरुवातीपासून लिहितो.

ताईचा फोन आला तो 2023 च्या जुलैत, बाहेर पाऊस कोसळत असताना. भाचीला आजोळच्या समुद्रावर लग्न हवं होतं. लहानपणी प्रत्येक मे महिना तिने इथे काढलाय, त्यामुळे तिच्या डोळ्यांसमोर मे महिन्यातलाच किनारा होता. आईचंही मत वैशाखाचं. आई म्हणजे भाचीची आजी, वय ब्याऐंशी. तिच्या मते लग्न वैशाखात, जेवणात आमरस, आणि मांडव घराच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात. मुलाची सुट्टी नाताळात. व्याह्यांचं म्हणणं, दिवाळीनंतर थंडी पडली की नोव्हेंबर अखेर करून टाकू. म्हणजे सुरुवातीलाच तीन महिने टेबलावर होते.

मे महिना आधी बाद झाला, आणि तो पंचांगामुळे. 2024 च्या मे महिन्यात गुरू आणि शुक्र दोन्ही अस्ताला होते, गुरुजींनी मुहूर्त काढायलाच नकार दिला. पण मुहूर्त असता तरी मी भांडलो असतो. मेमध्ये इथे सूर्य मावळतो सातला, तोवर वाळू तापलेली असते आणि हवेतला दमटपणा असा, की शालू नेसलेली मुलगी अंतरपाटापाशी पोचेपर्यंत घामाने निथळणार. दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो तो नुसता वारा नसतो, वाळू घेऊन येतो. विहिरी तळाला गेलेल्या असतात. एकशे साठ माणसांना दोन दिवस आंघोळीचं आणि स्वयंपाकाचं पाणी टँकरने आणायचं, तेही शेजारच्या बायका दोन कळशा पाण्यासाठी ताटकळत असताना, हे मला मनापासून नको होतं. आणि तौक्ते आम्ही विसरलेलो नाही. 16 मे 2021 ला ते वादळ आमच्या समोरून उत्तरेला गेलं, जमिनीवर चढलं ते गुजरातेत, पण माडांच्या वाड्या आमच्या आडव्या झाल्या आणि कितीतरी दिवस वीज नव्हती. पुढे 2025 मध्ये तर 25 मेलाच मोसमी पाऊस तळकोकणात दाखल झाला. मेच्या शेवटच्या आठवड्यात किनाऱ्यावर मांडव घालणं म्हणजे दैवावर हवाला.

नोव्हेंबरवर घरात जास्त वाद झाला, कारण नोव्हेंबर दिसायला फार देखणा असतो. आभाळ धुतलेलं, डोंगर हिरवे, पाणी भरपूर. तुळशीची लग्नं झाली की मुहूर्त सुरू. पण अरबी समुद्राला वर्षातून दोनदा वादळं उठायची वेळ येते. एक पावसाच्या आधी, मे-जूनमध्ये, आणि दुसरी पाऊस परतल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. नागपूरच्या माणसांना हे ठाऊक असायचं कारण नाही. त्यांना मी तीन नावं सांगितली. नोव्हेंबर 2009 मधलं फयान, ज्यात कोकणातल्या कितीतरी होड्या बुडाल्या. ऑक्टोबर 2019 मधलं क्यार, ऐन दिवाळीत. आणि ओखी, 2017 चं, ज्याने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत पाऊस पाडला. दरवर्षी वादळ येतं असं नाही. पण वादळ इकडे वळलं नाही, नुसतं समुद्रात दूर फिरत राहिलं, तरी त्याच्या लाटा किनाऱ्यावर येऊन आपटतात. मांडव मोडायला तेवढं पुरतं. शिवाय दुसरी गोष्ट अशी, की पावसाळ्यात खवळलेला समुद्र किनाऱ्याची वाळू ओढून नेतो आणि ती परत येऊन बसायला हिवाळा जावा लागतो. नोव्हेंबरात आमचा किनारा अजून अरुंद आणि उतरता असतो, फेब्रुवारीत रुंद आणि सपाट.

नाताळाचं फार बोलायला नको. धनुर्मास, मुहूर्त नाहीत, आणि मालवणात त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. मुलाने जर्मनीतली सुट्टी बदलून घेतली.

राहिला माघ, म्हणजे फेब्रुवारी. समुद्र शांत, आभाळ कोरडं, विहिरींना पाणी, संध्याकाळी हलका गारवा. सूर्य मावळतो पावणेसातच्या आसपास, त्यामुळे गोरज मुहूर्त आणि सूर्यास्त एकत्र येतात. या महिन्याचीही किंमत मोजावी लागली. बारावीची परीक्षा 21 फेब्रुवारीला सुरू झाली आणि नवरदेवाची चुलतबहीण परीक्षेमुळे येऊ शकली नाही. तिचे आईवडील आळीपाळीने आले, आई हळदीला आणि वडील लग्नाला. याचं वाईट आजही वाटतं. आईचा आमरसही गेला. फेब्रुवारीत आंब्याला मोहोर आणि कैऱ्या. पण ओले काजूगर याच दिवसांत येतात, आणि काजूगरांची उसळ बघून आईची कळी थोडी खुलली.

इथवरचं नियोजन कोणीही जाणता माणूस करील. खरी चूक आमच्याकडून यानंतर व्हायची होती.

ताईने पुण्यातून एक डेकोरेटर ठरवला होता. मनापासून काम करणारा माणूस, पण समुद्रावरचं त्याचं पहिलंच काम. तो 20 डिसेंबरला पाहणीला आला. दुपारी बारा वाजता आम्ही दोघं किनाऱ्यावर उभे. पाणी लांब गेलेलं, समोर ही एवढी वाळू. वर वाळलेल्या काड्या, शिंपले आणि नारळाच्या करवंट्यांची एक रेघ होती, आदल्या भरतीने सोडलेली. तो म्हणाला, भरती इथवर येते ना, मग आपण याच्या वर दहा पावलं सोडून मांडव घालू. मला ते पटलं. जन्म किनाऱ्यावर गेला, पण मी शाळामास्तर. समुद्राशी माझा संबंध बघण्यापुरता. आम्ही चार खुंट्या ठोकल्या, त्याने मापं घेतली, फोटो काढले.

जवळच रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायची, मोठी जाळी वाळत घातलेली होती आणि रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके, आमचे शेजारी, ती शिवत बसले होते. त्यांना मी लहानपणापासून काका म्हणतो. ते उठून आले, खुंट्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "हयसर मांडव घातलंस तर भाचयेचा लगीन पाण्यात लावूचा लागतला." मग करवंट्यांच्या त्या रेघेवर पाय ठेवून म्हणाले, "ही ओळ भांगाची. लग्नाची तीथ खंयची?"

मी सांगितलं, वद्य द्वितीया. ते नुसते हसले आणि मला वर घेऊन गेले. खुंट्यांच्याही बरंच वर, जिथे मर्यादवेल सुरू होते तिथवर. "उधाणाक पाणी हंय येता," म्हणाले.

हे नीट समजावून सांगायला हवं, कारण बाहेरून येणारा प्रत्येक जण इथेच फसतो. भरती रोज सारखी नसते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमाराला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा भरती सगळ्यात उंच चढते आणि ओहोटी सगळ्यात खोल उतरते. ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ एकमेकांना छेद देते आणि पाणी थोडं चढतं, थोडं उतरतं. तो भांग. 20 डिसेंबर 2023 ही मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी होती. म्हणजे आम्ही भांगाच्या दिवशी पाहणी केली होती आणि त्या दिवसाच्या खुणेवरून उधाणाच्या दिवसाचा मांडव आखत होतो. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस सगळ्यात जास्त असतो, म्हणजे नेमका वद्य द्वितीयेच्या आसपास. मुंबईकडे उधाणाचं पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, दक्षिणेकडे येऊ तसं कमी होतं, आमच्याकडे दोन-सव्वादोन मीटर. ऐकायला थोडं वाटतं. पण सपाट वाळूवर दोन मीटर उंची म्हणजे पाणी कितीतरी पावलं आत येतं.

मर्यादवेलीचं नाव मी लहानपणापासून ऐकत आलो, पण त्याचा अर्थ त्या दुपारी कळला. समुद्र एरवी जिथवर येतो त्याच्या वरच ती जगते, आणि तिची मुळं वाळू धरून ठेवतात. तिच्यावर मांडव घालायचा नाही आणि ती उपटायचीही नाही. म्हणजे आमच्याकडे जागा उरली ती वेलीच्या कडेपासून खाली, आणि तीही ठरावीक वेळेपुरती.

ती वेळ कोणती, हेही तांडेलकाकांनीच सांगितलं. आपल्याकडचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला पूर्ण भरती. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडला पूर्ण भरती आणि तिथून सव्वासहा तासांनी, पावणेआठला, पूर्ण ओहोटी. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची कोष्टकं छापतो, ती मी नंतर ताडून पाहिली. पण दोन महिने आधी, किनाऱ्यावर उभं राहून, बोटांवर मोजता येतं ते हेच.

आता यातली खुबी बघा. तिथी पंचांगात आहे, मुहूर्त तिथीवर आहे, आणि भरतीही तिथीवरच आहे. ज्या पानावर गुरुजी लग्नाची वेळ बघतात त्याच पानावर समुद्राची वेळ लिहिलेली असते. संध्याकाळच्या लग्नाला पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस चांगले, कारण पाणी दुपारी चढून जातं आणि सूर्य मावळताना ओसरत असतं. पायाखालची वाळू ओली, घट्ट आणि नुकती धुतलेली मिळते. उलट अष्टमी-नवमीला ऐन सूर्यास्ताला पाणी चढत असतं. पाणी फार वर येत नाही, पण किनारा अरुंद होतो आणि लाटांच्या आवाजात मंगलाष्टकं ऐकू जात नाहीत. सकाळचा मुहूर्त असेल तर हिशेब बरोबर उलटा. फेब्रुवारी तोच, आठवडा बदलला की किनारा वेगळा. आमच्यापुढे मुहूर्ताच्या तीन तारखा होत्या, त्यांपैकी द्वितीया आम्ही सोय म्हणून घेतली नव्हती, गुरुजींना नक्षत्र आवडलं म्हणून घेतली होती. ती समुद्रालाही सोयीची निघाली हे नशीब.

पण उधाणाच्या दिवसाची एक अट असते: दीडच्या आधी वाळूवर काहीही ठेवायचं नाही. डेकोरेटरची पद्धत सकाळी सातला कामाला लागायची. आम्ही त्याचं सगळं वेळापत्रक उलटं केलं. किनाऱ्यावर पक्कं काही नाही, चार बांबूंचा मांडव आणि खुर्च्या, बस. खांब वाळूत हातभर पुरून धरत नाहीत, म्हणून प्रत्येक खांबाच्या तळाशी वाळूने भरलेलं पोतं बांधून ते कंबरभर खड्ड्यात गाडायचं. हे काम रापणीच्या पोरांनी तीन वाजता सुरू करून साडेचारला संपवलं. होम, सप्तपदी, जेवण हे सगळं घराच्या खळ्यात आणि माडाच्या वाडीत, झापांच्या मांडवाखाली. समुद्रावर फक्त मंगलाष्टकं आणि माळा. एक तर वाऱ्यात होमाचा अग्नी सांभाळणं अवघड, आणि दुसरं म्हणजे काही बिनसलंच तर सगळं लग्न खळ्यात हलवता यावं. आईचा खळ्याचा हट्ट असा पूर्ण झाला.

परवानग्यांसाठी ग्रामपंचायत, तहसील, पोलीस ठाणं आणि महाराष्ट्र सागरी मंडळ इथे लेखी अर्ज दिले. भरतीरेषेच्या खालची वाळू कोणाच्या खाजगी मालकीची नसते आणि सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या सगळ्यात कडक भागात मोडते. तिथे तात्पुरतं का होईना, काही उभं करताना विचारलंच पाहिजे. हे काम तीन महिने आधी सुरू करावं. त्याहून महत्त्वाचं बोलणं दोन ठिकाणी झालं, ज्याला कागद लागत नाही. एक रापणीवाल्यांशी. हा किनारा त्यांचं शेत आहे. त्या दिवशीची रापण त्यांनी पहाटे ओढायची आणि संध्याकाळची सोडायची असं ठरलं, आणि बुडालेल्या ओढीचा वाटा आम्ही आग्रहाने दिला.

दुसरं बोलणं कासवमित्राशी. ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च आमच्या किनाऱ्यावर रात्री अंडी घालायला येतात. म्हणजे लग्नाला उत्तम असलेला ऋतू त्यांचाही आहे. प्रखर दिवे दिसले तर मादी अंडी न घालताच परत फिरते, आणि पिल्लं समुद्राऐवजी दिव्याकडे चालू लागतात. तेव्हा फटाके नाहीत, किनाऱ्यावर झोतदिवे नाहीत, गाड्या नाहीत, आणि साडेसातला किनारा पूर्ण रिकामा आणि काळोखा. भाचीच्या मैत्रिणींना रात्री वाळूत नाचायचं होतं. तिनेच त्यांना नाही म्हणून सांगितलं. ध्वनिक्षेपकाला तसंही रात्री दहाची मर्यादा असते, पण कासवासाठी आम्ही ती बरीच अलीकडे ओढली.

लग्नाच्या दिवशी दीड वाजता मी आणि डेकोरेटर मर्यादवेलीपाशी उभे होतो. पाणी आलं. डिसेंबरात आम्ही ठोकलेल्या खुंट्यांची जागा केव्हाच पाण्याखाली गेली होती, आणि शेवटची लाट वेलीपासून दोन हातांवर येऊन फेस सोडून गेली. तो काही बोलला नाही, मीही नाही. त्याने जाऊन तांडेलकाकांना वाकून नमस्कार केला.

वाऱ्याचा अंदाज मात्र आमचा थोडा चुकला. दुपारचे खारे वारे सूर्यास्ताकडे मंदावतात हे खरं, पण पूर्ण पडत नाहीत. हळदीच्या दिवशी आम्ही त्याच वेळी अंतरपाट धरून बघितला तर तो शिडासारखा फुगला आणि भाचीच्या चेहऱ्यावर जाऊन आपटला. तांडेलकाकांच्या सुनेने उपाय काढला. जाळ्याच्या तळाला लावतात ते शिशाचे मणी तिने अंतरपाटाच्या खालच्या काठात ओळीने शिवले. दुसऱ्या दिवशी कापड सरळ उभं राहिलं. माणसं पश्चिमेकडे तोंड करून बसवली तर सगळ्यांच्या डोळ्यांत सूर्य जाणार हेही हळदीलाच लक्षात आलं, म्हणून खुर्च्यांच्या रांगा आडव्या फिरवल्या, सूर्य डाव्या हाताला ठेवून. फोटोवाला थोडा नाराज झाला. पण लग्न बघायला आलेल्या म्हाताऱ्या माणसांना लग्न दिसलं पाहिजे.

एक गोष्ट आम्ही विसरलो, आणि ती विसरायला नको होती. आईची चाकांची खुर्ची खळ्यातून निघाली आणि सुक्या वाळूत पहिल्या दहा पावलांत रुतली. घट्ट वाळू पुढे होती, पण मधला पट्टा भुसभुशीत. तिथे फळ्या टाकायला हव्या होत्या. शेवटी दोन नातवांनी तिला खुर्चीसकट उचलून नेलं. तिला आवडलं, पण तिच्या कंबरेला हिसका बसला आणि दोन दिवस दुखत होती. ज्या घरी कोणी वयस्कर आहे त्यांनी फळ्यांची सोय आधी करावी, फुलांची नंतर.

नागपूरची मंडळी आम्ही आदल्या दिवशीच बोलावून घेतली होती. पुण्याची बस फोंडा घाटाने येताना उशिरा पोचली, पण तीही आदल्या रात्रीच. सभागृहातल्या लग्नात अर्धा तास पुढेमागे चालतो. सूर्य थांबत नाही, आणि सूर्यास्त त्या दिवशी 6 वाजून 42 मिनिटांनी होता.

साडेसहाला भाचीला मी धरून नेलं. पाणी तोवर निम्म्याहून जास्त ओसरलं होतं. लाटांचा आवाज दूर गेलेला, त्यामुळे गुरुजींचा शब्द अन् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेला. अक्षता पडल्या, माळा पडल्या. साडेसातला माणसं वाडीत जेवायला बसली, किनाऱ्यावर दिवा नव्हता. आठच्या सुमारास माडांच्या मागून द्वितीयेचा चंद्र वर आला. तो आम्ही योजलेला नव्हता, तो तिथीबरोबर आला. दंव पडायला लागलं होतं, तळून ठेवलेले पापड मऊ पडले, आणि वाढप्यांनी उरलेले ताजे तळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पुन्हा पूर्ण ओहोटी. वीस-पंचवीस जण किनारा साफ करायला उतरलो. पोती उपसली, वाळू मोकळी केली, खड्डे बुजवले. कासव खड्ड्यात पडलं तर त्याला निघता येत नाही, म्हणून ते आधी. फुलं कंपोस्टाला, सुतळीचा प्रत्येक तुकडा पिशवीत. तांडेलकाका होडी पाण्यात लोटायच्या तयारीत होते. मी आभार मानायला गेलो तर म्हणाले, "ता ऱ्हांव दे. जाळ्याचे मणी तेवढे उसवून दी, आज रापण सोडूची आसा." ताई खळ्याच्या पायरीवर अंतरपाट मांडीवर घेऊन बसली आणि एकेक मणी उसवू लागली.